शॉर्टवेव्ह रेडिओ घेण्याआधी घरातला गोंगाट ऐका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पहिला शॉर्टवेव्ह रेडिओ निवडण्यासाठी एक तक्ता आला होता. त्यात किंमत, वजन, ब्लूटूथ आहे की नाही आणि 'बँड किती' असे रकाने होते. बँडांच्या आकड्यावरून सेट घेणारा माणूस हमखास फसतो. खोक्यावर '10 बँड', '12 बँड वर्ल्ड रिसीव्हर' असे ठळक छापलेले असते, पण त्यातले बहुतेक 'बँड' म्हणजे शॉर्टवेव्हच्या एकाच पट्ट्याचे पाडलेले तुकडे असतात आणि मधला भाग गाळलेला असतो. शॉर्टवेव्ह म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झ. हा सगळा पट्टा सलग घेणाऱ्या सेटवर 'एसडब्ल्यू' असे एकदाच लिहिलेले असते, आणि तरीही तो बारा बँडवाल्यापेक्षा जास्त ऐकवतो. तक्ता पुन्हा छापणार असाल तर तो रकाना काढून 'आकडे दाबून थेट फ्रिक्वेन्सी लावता येते का' हा रकाना घालावा, ही विनंती.

ठाणे-नवी मुंबईतल्या माणसाला मात्र त्याहून आधी दुसराच प्रश्न पडायला हवा: आपल्या घरात शॉर्टवेव्ह ऐकू येईल का? सेट कितीही चांगला असला तरी घरातल्या विजेच्या गोंगाटाखाली बुडालेले स्टेशन त्याला वर काढता येत नाही. ही परीक्षा सेट विकत घेण्याआधी फुकटात करता येते. घरात किंवा शेजारी पडलेला कुठलाही जुना एएम ट्रान्झिस्टर घ्या, सेलवर चालवा, आणि मीडियम वेव्हच्या वरच्या टोकाला, 1500 ते 1600 किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवा. मग आवाज वाढवून घरभर फिरा. टीव्हीजवळ, राउटरजवळ, स्वयंपाकघरात, बाल्कनीत. कुठे घरघर वाढते आणि कुठे साधी सळसळ उरते ते लगेच कळते. जिथे सळसळ उरते, तीच तुमची रेडिओची जागा. मीडियम वेव्हवरचा गोंगाट शॉर्टवेव्हवर जसाच्या तसा येतो असे नाही, पण चोर कोण याचा अंदाज नक्की येतो.

चोर ओळखायला सेट सेलवर चालू ठेवून घराच्या वीजपेटीतले एमसीबी (एकेका लाइनीचे खटके) एकेक करून पाडावेत. एक पाडल्यावर आवाज थांबला की त्या लाइनीवरची उपकरणे एकेक लावून बघायची. बहुतेक वेळा सापडतात ते हेच: स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, राउटरचा अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स, इंडक्शन शेगडी. या सगळ्यांत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा वीजपुरवठा असतो. त्या उघडझापेचे पडसाद पार शॉर्टवेव्हपर्यंत पोचतात, आणि घरातले वायरिंगच त्याचा अँटेना होते. चार्जरला फोन लावलेला नसला तरी तो भिंतीत खोचलेला असेपर्यंत आवाज करू शकतो. पंख्याचा रेग्युलेटर हा दुर्लक्षित चोर आहे. गोल फिरणारा, वेग हळूहळू बदलणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापतो आणि जोरदार गुरगुर करतो. टप्प्याटप्प्याने कटकट फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर असे करत नाही. बदलायला फार पैसे लागत नाहीत आणि फरक ताबडतोब कानाला कळतो.

काही गोंगाट मात्र आपल्या हातात नसतो. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये लिफ्ट हलली की बझ्झ करून पट्टा भरून जातो आणि लिफ्ट थांबली की जातो. तो लिफ्टच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचा आवाज. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर त्यांचा इन्व्हर्टर दिवसा त्रास देतो, सूर्य मावळला की शांत. रुळांना लागून घर असेल तर लोकल जाताना पेंटोग्राफच्या ठिणग्यांचे तडतडणे येणारच, कारण वर 25 हजार व्होल्टची तार आहे. शिवाय आरसीसी इमारतीतली सळई आणि खिडक्यांच्या ग्रिल बाहेरचा सिग्नल आत येऊ देत नाहीत. म्हणजे बाहेरचे कमी आणि आतले जास्त, असा दुहेरी मार. वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या बैठ्या घरांना आणि नौपाडा-चरईतल्या तीनमजली इमारतींना या बाबतीत टॉवरवाल्यांपेक्षा बरे दिवस आहेत, अर्थात खालच्या मजल्यावर दुकानांची एलईडी पाटी नसेल तर.

आता सेट. पहिल्या सेटमध्ये माझ्या मते चार गोष्टी अडून मागाव्यात. पहिली, आकड्यांची कळफलक-पाटी. 9, 6, 2, 0 दाबले की 9620 किलोहर्ट्झ लागले पाहिजे. काट्याच्या स्वस्त सेटवर एका सेंटिमीटरात कितीतरी स्टेशने दाटीवाटीने बसलेली असतात, आणि हात काढला की स्टेशन सरकते. अशा बऱ्याच सेटवर एकच जोरदार स्टेशन दोन ठिकाणी लागते, खऱ्या जागेवर आणि तिथून 910 किलोहर्ट्झ दूर. कारण आतली मधली फ्रिक्वेन्सी 455 किलोहर्ट्झ असते आणि तिच्या दुपटीवर प्रतिमा पडते. नवखा माणूस त्याला नवे स्टेशन समजून वहीत लिहून ठेवतो.

दुसरी, बँडविड्थ, म्हणजे एका वेळी किती रुंद पट्टा ऐकायचा, ते बदलण्याची सोय. शॉर्टवेव्हवर स्टेशने 5 किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात. शेजारी जोरदार चिनी स्टेशन असेल तर फिल्टर 3 किंवा 2.5 किलोहर्ट्झवर आणला की शेजाऱ्याची चिरचिर कापली जाते. आवाज थोडा बसका होतो, शब्द मात्र कळतात. शेजारी कुणी नसेल तर रुंद फिल्टरवर संगीत चांगले येते.

तिसरी, एसएसबी, म्हणजे सिंगल साइडबँड ही आवाज पाठवण्याची वेगळी पद्धत ऐकण्याची सोय. हौशी रेडिओवाले 40 मीटरवर, 7 ते 7.2 मेगाहर्ट्झमध्ये, एसएसबीत बोलतात. साध्या सेटवर त्यांचा आवाज बदक ओरडल्यासारखा येतो. एसएसबी चालू करून बारीक ट्यून केले की माणसासारखा येतो. तिचे दोन प्रकार: 10 मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (लोअर साइडबँड), वर यूएसबी (अप्पर साइडबँड), हा या लोकांचा रिवाज. बारीक ट्यूनिंग 10 हर्ट्झच्या टप्प्याने होत असेल तर उत्तम. 1 किलोहर्ट्झच्या टप्प्यावर आवाज कधीच नीट बसत नाही. ज्याला फक्त प्रसारण केंद्रे ऐकायची आहेत त्याचे एसएसबीवाचून अडत नाही, पण महिन्याभरात बहुतेकांना ते हवेसे वाटते, म्हणून आधीच घेतलेले बरे.

चौथी, बाहेरचा अँटेना जोडण्याची 3.5 मिलिमीटरची खाच. बाकी गजर, दिवा, थर्मामीटर, यूएसबीची खाच, कॅराओके असले-नसले सारखेच.

मॉडेलची नावे घ्यायची तर: टेकसन पीएल-330 हा खिशात मावणारा सेट या चारही कसोट्यांवर उतरतो. तो पूर्वीच्या नोकियाच्या बीएल-5सी बॅटरीवर चालतो. ही बॅटरी ठाणे स्टेशनबाहेरच्या कुठल्याही मोबाइल दुकानात मिळते, पण फुगलेल्या नकली बॅटऱ्याही तिथेच मिळतात, तेव्हा टेबलावर ठेवून सपाट बसते का ते पाहूनच घ्यावी. एक्सएचडेटा डी-808 थोडा मोठा, त्यात 18650 जातीची लिथियम बॅटरी, एसएसबी आहे, स्पीकरचा आवाज भरदार. सिंक डिटेक्शन (ते काय, ते पुढे सांगतो) त्यात नाही. टेकसन पीएल-660 आणि 680 हे वजनदार, चार पेन्सिल सेलवर चालणारे. सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतात हा त्यांचा मोठा गुण, आणि 660चे सिंक डिटेक्शन खरोखर उपयोगी पडते. सिंक म्हणजे काय, तर शॉर्टवेव्हवर सिग्नल वरखाली होताना कधी कधी नेमकी मधली वाहक लहर गळते आणि आवाज फाटतो. सिंकवाला सेट ती लहर स्वतः तयार करून देतो. पीएल-330 मध्येही सिंक आहे, पण त्यावर फार विसंबू नये. टेकसन पीएल-310ईटी आणि पीएल-380 हे त्यांचे स्वस्त भाऊ, तीन पेन्सिल सेलवर चालतात, एसएसबी नाही. केवळ प्रसारण ऐकणाऱ्याला 380 पुरतो. मात्र तो फक्त 2300 ते 21950 किलोहर्ट्झ घेतो, आणि चकती फिरवताना प्रत्येक टप्प्याला आवाज क्षणभर दबतो. हे बिघाड समजून परत करू नये, त्यातल्या चिपचा तो स्वभाव आहे.

बाहेरून मागवताना सीमाशुल्क धरूनच किंमत जुळवावी. आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पाहावे, कारण खरी तपासणी दुकानात होत नाही.

सेटइतकाच पैसा आणि डोके तारेवर घालावे. सेटची टेलिस्कोपिक काडी घरात तोकडी पडते. विजेच्या दुकानात मिळणारी 1 चौरस मिलिमीटरची लवचीक, आवरणाची तार 6 मीटर घ्या, एका टोकाला मगरचिमटा लावा, तो उघडलेल्या काडीच्या टोकाला अडकवा, आणि तार खिडकीबाहेर ग्रिलपासून हातभर लांब राहील अशी नायलॉनच्या दोरीने ताणा. ग्रिलला चिकटून नेलेली तार निम्मा फायदा घालवते. विजेच्या किंवा केबलवाल्याच्या तारांच्या जवळून ती नेऊ नका, आणि खाली पडली तर तिथे काय आहे ते आधी पाहा. गच्चीवर न्यायची असेल तर सोसायटीला विचारून.

सहा मीटरवरून वीस मीटर करावी असा मोह होतो. छोट्या सेटला ती सोसत नाही. आकाशवाणी मुंबईची मीडियम वेव्ह केंद्रे, 558 आणि 1044 किलोहर्ट्झ, इथे इतकी जोरात येतात की लांब तार लावल्यावर शॉर्टवेव्हच्या मधल्याच जागी मराठी निवेदन ऐकू येऊ लागते. तसे झाले की तार लांब झाली असे समजून मीटर-मीटरने कापावी. सेटवर लोकल-डीएक्स (जवळचे-दूरचे) असा खटका असेल तर तो आधी लोकलवर आणून पाहावा.

ज्यांच्या घरी गोंगाट फार आहे त्यांनी लांब तारेऐवजी वर्तुळाकार लूप अँटेना घ्यावा. तो एका दिशेने कमी ऐकतो, म्हणून वळवून गोंगाटाची दिशा टाळता येते. एमएलए-30 प्लस हा स्वस्तातला लूप 5 व्होल्टवर चालतो, पण त्याला मोबाइल चार्जर लावला तर चार्जरचाच आवाज ऐकत बसाल. पॉवर बँकेवर चालवा, आणि पॉवर बँकही आवाज करते का ते एकदा बंद-चालू करून पाहा. हाच नियम सेटला: चार्जिंग चालू असताना ऐकू नका. राउटरच्या वायरीवर फेराइटची (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकी पदार्थाची) नुसती चिमटी लावून शॉर्टवेव्हवर फारसा फरक पडत नाही. मोठी फेराइट रिंग घेऊन वायर त्यातून सहा-आठ वेळा गुंडाळली तर पडतो. शॉर्टवेव्हसाठी 31 क्रमांकाच्या मिश्रणाची रिंग मागावी. असल्या वस्तू, 3.5 मिलिमीटरचे प्लग आणि मगरचिमटे लॅमिंग्टन रोडला मिळतात.

आता काय ऐकायचे, आणि केव्हा. इथे खोट्या आशा लावू नयेत. बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण 31 जानेवारी 2020 रोजी थांबले, व्हॉइस ऑफ अमेरिका मार्च 2025 मध्ये गप्प झाले, आणि आकाशवाणीची शॉर्टवेव्ह केंद्रेही एकामागून एक बंद होत गेली. मराठीसाठी शॉर्टवेव्ह सेट घेऊ नये. अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर 558 किलोहर्ट्झला आहे आणि ती कुठल्याही सेटवर येते. उरलेल्यांत चीन, तैवान, कोरिया, व्हिएतनाम, रुमानिया, तुर्कस्तान, आखाती देश, बीबीसीचे इंग्रजी, आणि धार्मिक प्रसारणे बरीच. आकाशवाणीचे डीआरएम डिजिटल प्रसारण या सेटांवर नुसती खसखस म्हणून येते, ते ऐकायला वेगळा रिसीव्हर लागतो.

दिवसा उंच फ्रिक्वेन्सी, रात्री खालची, हा ढोबळ नियम. दुपारी 19 आणि 16 मीटर, म्हणजे 15 आणि 17 मेगाहर्ट्झच्या आसपास. संध्याकाळी 25 आणि 31 मीटर. रात्र चढली की 41 आणि 49 मीटर, म्हणजे 7 आणि 6 मेगाहर्ट्झ. जुन्या लोकांना मीटर तोंडपाठ असतात आणि सेटवर किलोहर्ट्झ दिसतात, त्यासाठी 300 ला मेगाहर्ट्झने भागावे: 9.6 मेगाहर्ट्झ म्हणजे 31 मीटर. केंद्रांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे एप्रिलमध्ये सापडलेले स्टेशन नोव्हेंबरमध्ये त्या जागी नसले तर सेटला दोष देऊ नये. वेळा जागतिक वेळेत छापलेल्या असतात; त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ.

सेट घरी आल्यावर आधी दोन सेटिंग पाहा. मीडियम वेव्हचा टप्पा 9 किलोहर्ट्झ हवा. 10 वर असेल तर 558 आणि 1044 नीट लागतच नाहीत, कारण 10 च्या पाढ्यात ते येत नाहीत. एफएम 87.5 ते 108 हवे. कळा दाबूनही काही होत नसेल तर लॉक लागलेले असते; निम्म्या 'बंद पडलेल्या' सेटांचे दुखणे तेवढेच निघते. मग अंधार पडल्यावर 10000 किलोहर्ट्झ लावा. चीनचे बीपीएम हे वेळ सांगणारे केंद्र तिथे चोवीस तास असते, बहुतेक वेळ सेकंदाला एक टिक वाजवते आणि आपल्याकडे संध्याकाळी बहुधा येते. टिक स्वच्छ आला तर सेट आणि जागा दोन्ही ठीक. एसएसबी असेल तर एसएसबीत टाकून शिट्टीचा सूर शून्यावर येईपर्यंत ट्यून करा. तेव्हा आकडा 10000 पासून जितका दूर, तितकी सेटची चूक. शे-दीडशे हर्ट्झ चालते, अर्धा किलोहर्ट्झ असेल तर बदलून मागा. घरात काहीच येत नसेल तर सेट परत पाठवण्याआधी एकदा उपवन तलावाकाठी, खारघरच्या सेंट्रल पार्कात किंवा वाशीच्या सागर विहारला खाडीकडे तोंड करून तीच फ्रिक्वेन्सी ऐका. फक्त विजेच्या मनोऱ्यांपासून लांब बसा. पावसाळी हवेत उच्च दाबाच्या तारा स्वतःच तडतडतात. बाहेर दहा स्टेशने आणि घरात एक, असा निकाल आला तर परत करण्यासारखे सेटमध्ये काही नाही.

मे महिन्यातल्या वळवापासून ते ऑक्टोबरच्या मेघगर्जनेपर्यंत खालच्या बँडांवर कडकडाट राहतोच, तो शेकडो किलोमीटरवरच्या विजांचा. ढग जवळ आले की बाहेरची तार सेटवरून काढून खिडकीबाहेर ठेवावी. वीज थेट पडायची गरज नसते. जवळपास पडली तरी तारेत उठलेला दाब सेटच्या पहिल्या ट्रान्झिस्टरला पुरतो. तसा सेट नंतर चालू होतो, दिसायला धड असतो, फक्त बहिरा झालेला असतो.

जुना सेट घेणार असाल, सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू7600जीआर असा बंद झालेला पण नामांकित सेट अजून विकायला येतो, तर सेलचा कप्पा उघडून हिरवी-पांढरी पूड आहे का पाहा, आवाजाची चकती फिरवताना खरखरते का ऐका, आणि काडीच्या बुडातला सांधा ढिला आहे का हलवून बघा. सांधा ढिला असेल तर किंमत उतरवून घ्या. पूड पार सर्किटच्या पाटीपर्यंत गेली असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

आपला,
एक श्रोता, चरई, ठाणे (पश्चिम)